नव्या खलाची कचकच

चैत्र लागला तसं माळव्यातल्या पिंपळखेडीत लाइटीनं आपलं वेळापत्रक ठरवून टाकलं. सकाळी सहाला जायची ती ऊन कलल्यावर यायची. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, त्यामुळे मोटार चालली काय नि न चालली काय, विठोबाला फारसा फरक पडत नव्हता. त्याच्या तीन बिघ्यांतला गहू निघून गेला होता, आणि उरलेल्या ढेकळांकडे बघत तो दिवसातून चार वेळा तंबाखू मळायचा.

लाइट गेल्याचं दुःख सगळ्या गावाला होतं. विठोबाच्या बायकोला, उमाबाईला, तेवढं नव्हतं. पीथमपूरच्या फाट्यावर एका हिंदी बोलणाऱ्या भियानं, म्हणजे भाऊनं, नवी मेस काढली होती. तिच्यात मिक्सर होता, भिंतीवर देवांची कॅलेंडरं होती आणि जेवणाला स्टीलच्या खणांची ताटं होती. पण लाइट गेली की मिक्सर मुका व्हायचा आणि मेसवाला ताटात बाजारचं लोणचं वाढायचा. उमाबाईच्या डब्यात मात्र रोज ताजी लसणाची चटणी असे, दगडी खलात कुटलेली. कारखान्यांत कामाला आलेले जळगावचे, नगरचे, साताऱ्याचे सव्वीस जण खोल्या करून राहत होते. पोळ्या त्यांनी कुठेही खाल्ल्या असत्या. डबा ते चटणीसाठी लावत, आणि हे उमाबाईला पक्कं माहीत होतं.

दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. सून कोमल कणीक मळायची, उमाबाई चुलीपुढे बसून पोळ्या लाटायची. मग खल दोन पायांच्या मध्ये घेऊन ती लसूण, भाजलेलं खोबरं, तीळ, सुक्या मिरच्या नि खडेमीठ कुटायला बसे. दणदण नाही, आधी चार ठोके आणि मग बत्ता कडेनं फिरवत घासणं. लसणाचं तेल सुटलं, रंग विटकरी झाला की ती चिमूटभर चटणी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "भरा."

तो शब्द आल्याशिवाय डब्याचं झाकण लागत नसे. ओसरीवर लुना पुसत बसलेला विठोबासुद्धा त्या शब्दाची वाट बघत बसायचा. सहाची शिफ्ट बस फाट्यावर यायच्या आत डबे पोचायला हवेत, हे त्याला कळत होतं. पण लग्नाच्या एकतीस वर्षांत "झालं का" असं विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती.

खल उमाबाईच्या सासूचा, सावित्रीबाईंचा. त्यांच्याही सासूचा. पवारांच्या फौजेबरोबर घोड्यांची निगा राखायला जी माणसं या मुलखात आली, त्यांतल्या कुणीतरी तो बैलगाडीत घालून आणला, असं घरात सांगत. काळाभोर, आतून इतका गुळगुळीत की बोट फिरवलं तर मुलाच्या गालावर फिरल्यासारखं वाटे. पियूषच्या बारशाला याच खलाचा बत्ता टोपडं घालून पाळण्यात आधी निजवला होता. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला आणि मग पोराचा नंबर लागला. पियूष आता सव्वीस वर्षांचा होता, गाड्यांचे सुटे भाग बनवायच्या कारखान्यात ठेक्यावर लागला होता. उमाबाई अजूनही रागावली की म्हणायची, "तुझ्यापेक्षा बत्ता बरा. तो तरी ऐकतो."

कोमल देवासची. तिच्या माहेरीही घरात मराठीच, पण शाळा हिंदी, शेजार माळवी. तिच्या बोलण्यात एक पाय इकडे, एक तिकडे. नाव कोमल असलं तरी तिचे दंड भरलेले होते. लग्नाआधी बघायला गेली तेव्हा उमाबाईनं आधी तिचे हातच पाहिले होते, चेहरा मग.

खल गेला तो कोमलच्या हातून.

त्या दिवशी दुपारी उन्हानं अंगणातली कोंबडी चोच उघडून बसली होती. डबे धुऊन झाले होते. कोमलनं ताक घुसळलं आणि तिच्या मनात आलं, याला धुंगार द्यावा. तिच्या माहेरी उन्हाळ्यात ताक तसंच करत. पेटता निखारा घ्यायचा, त्यावर तूप-जिरं टाकायचं, वर भांडं उपडं धरून त्यात धूर कोंडायचा आणि मग त्या धुरात ताक ओतायचं. निखारा ठेवायची मातीची पणती आदल्या दिवशीच फुटली होती. कोमलनं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात खल होता. दगडाला काय होणार, दगड काही जळत नाही.

धुंगार छान बसला. सगळ्या घरात तुपा-जिऱ्याचा वास भरला. मग तिला वाटलं, आई पडवीतून उठायच्या आत निखारा विझवून खल धुऊन ठेवावा. तिनं माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं आणि ओतलं.

टच्च.

आवाज मोठा नव्हता. बांगडी वाढवावी तेवढा. पण पडवीत आडवी झालेली उमाबाई उठून दारात आली. खलातून वाफ निघत होती, आत काळं पाणी होतं आणि काठापासून तळापर्यंत केसासारखी एक रेघ आली होती. त्या रेघेतून पाणी झिरपून बाहेरच्या अंगाला ओलं होत होतं.

"आई, मला वाटलं," कोमल म्हणाली, "पत्थर आहे ना, त्याला काय..."

तिनं खल उपडा करून पाणी सांडलं, पदरानं आतून पुसला, सावलीत पालथा घातला आणि परत जाऊन पडली. ताकाचा तांब्या चुलीपाशी तसाच राहिला. संध्याकाळी विठोबानं तो एकट्यानं संपवला आणि म्हणाला, "झकास झालंय, कुणी केलं?" तेव्हा कोमल चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारत बसली.

उमाबाई दोन दिवस त्याच खलात कुटत राहिली. रेघेच्या बाजूला ठोका पडू नये म्हणून खल फिरवून घ्यायची, अंग वाकडं करून बसायची. त्यानं तिचं मनगट सुजलं. कोमल समोर पोळ्या भाजत होती आणि प्रत्येक ठोक्याला तिचे खांदे आत जात होते. आईनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला वाटत होतं. तिच्या माहेरी भांडण वाटीभर दुधासारखं उतू जाऊन खाली बसे. इथे सगळं झाकण ठेवून शिजायचं.

तिसऱ्या पहाटे, लसूण निम्मा कुटून झाला असताना, खल दोन भाग होऊन उमाबाईच्या दोन पायांच्या मध्ये उघडला. चटणी मातीवर पडली. उमाबाईनं हातातला बत्ता बाजूला ठेवला.

"आज शेंगदाण्याचं कूट घाला," ती म्हणाली. "वरून तिखट-मीठ भुरभुरा."

त्या दिवशी तिनं "भरा" म्हटलं नाही. कोमलनंच हळूच झाकणं लावली.

धारच्या हाटाला उमाबाई विठोबाला घेऊन गेली. कोमलला नेलं नाही. "घर कोण बघेल," एवढंच म्हणाली. बसमध्ये विठोबानं विचारलं, "तुला कळतो का दगड?"

"एकतीस वर्षं हातात आहे."

"ते झालं. पण विकत कधी घेतलायस?"

उमाबाई खिडकीबाहेर बघू लागली. विठोबा क्वचित बोले, पण बोलला की नको ते बोलत असे. तिनं घेतला नव्हता. तिच्या सासूनं घेतला नव्हता, सासूच्या सासूनंही नाही. खल बाईपेक्षा जास्त जगतो, म्हणून तो निवडायची वेळ सहसा कुणावर येत नाही. साडी निवडायला बाई शंभर वेळा शिकते, खल निवडायला एकदाही नाही.

हाटात दगडवाले ओळीनं बसले होते. पहिल्याच दुकानावर एक तरणा माणूस डोक्याला रुमाल बांधून बसला होता. त्याच्यापुढचे खल तेल लावून काळे चकचकीत केलेले.

"माताजी, हाथ फेर के देखो. मक्खन."

उमाबाईनं बोट फिरवलं. खरंच लोणी. आतून गुळगुळीत, अगदी घरच्या खलासारखा. पुढच्या दुकानांवरचे खल तिनं पाहिले, पण ते आतून खरबरीत होते, टाकीचे घाव तसेच दिसत होते. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं हाक मारली, पण उमाबाई थांबली नाही. असा खडबडीत दगड घेऊन करायचं काय? ती मागे फिरली आणि लोणी घेऊन आली.

विठोबानं खल खांद्यावर घेतला. "हलका आहे गं," तो म्हणाला.

"बरंच आहे मग. तुमच्या खांद्याला."

घरी आणून तिनं दोन दिवस त्यात भिजवलेले तांदूळ वाटले. वाटलेलं पीठ जिभेवर घ्यायची, टाळूवर फिरवायची, थुंकायची. दुसऱ्या संध्याकाळी पीठ पांढरं दिसलं. तिसऱ्या पहाटे चटणी झाली. उमाबाईनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. तिखट बरोबर. मीठ बरोबर.

"भरा."

सकाळी आठला कोमल चटणी-पोळी घेऊन बसली. पहिल्या घासाला तिच्या दाढेखाली कचकन झालं. तिनं घास थांबवला, उमाबाईकडे बघितलं, आणि न चावता गिळून टाकला. शिफ्टवरून आलेला पियूष शेजारी जेवत होता. त्यानं चटणीचा घास तोंडात घेऊन कपाळाला आठ्या घातल्या. तो काही बोलणार तेवढ्यात कोमलनं डोळे मोठे केले. त्यानं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ताटातली चटणी बोटानं कडेला सारली.

"का रे?"

"पोट ठीक नाही, आई."

विठोबानं दोनदा चटणी मागून घेतली. तीस वर्षं चुना-तंबाखू खाल्लेल्या तोंडाला चुन्यातली नि चटणीतली कचकच सारखीच लागत होती.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डबे परत आले तेव्हा चटणीचे खण भरलेले होते. उमाबाईनं ते पाहिले आणि तसेच धुतले. सहाव्या दिवशी सात जणांनी डबे पाठवलेच नाहीत. विठोबाला विचारलं तर तो म्हणाला, "बोलले नाहीत काही. गावाला गेले असतील."

"सात जण एकदम? काय, लग्न आहे का सगळ्यांचं?"

सातव्या पहाटे ती स्वतः लुनाच्या मागे बसून फाट्यावर गेली. बस अजून यायची होती. मेससमोर बाकावर कृष्णाजी बसले होते, साताऱ्याचे, पन्नाशीचे फिटर. उमाबाईकडे डबा लावणारे पहिले तेच. तिला पाहून ते उठून उभे राहिले. माणूस उठून उभा राहिला म्हणजे बातमी चांगली नाही, हे तिला कळलं.

"वहिनी, राग मानू नका."

"बोला."

"मी फिटर माणूस. दिवसभर पॉलिश पेपर घासतो. आता तोच पेपर जिभेवर ठेवल्यासारखं होतंय. परवा आमच्या खोलीतल्या एका पोराचं दाढेतलं सिमेंट निघालं."

बाकावरचा दुसरा एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. मेसवाला काउंटरमागून ऐकत होता. तो अगदी मायेनं म्हणाला, "मासी, चाय पियोगी?"

उमाबाईनं कधी नव्हे तो चहा घेतला. नाही म्हणाली असती तर रडू फुटलं असतं. ग्लास संपवून तिनं काउंटरवर ठेवला, कृष्णाजींना म्हणाली, "आठ-दहा दिवस चटणी नाही मिळायची. भाजी दोन प्रकारची देते. नंतर तुम्हीच ठरवा." आणि लुनावर बसली. विठोबा वाटभर गप्प होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बरोबर वेळ साधली.

घरी आल्यावर तिनं कोमलला समोर बसवलं.

"तुला लागत होती कचकच?"

कोमल जमिनीकडे बघत राहिली.

"विचारतेय मी."

"लागत होती."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय तोंडानं बोलू, आई?" कोमल म्हणाली. "चांगला होता तो मी फोडला. आता तुम्ही आणलेल्याला नावं ठेवू? मी गिळत होते चुपचाप. सव्वीस डब्यांचं नाही सुचलं मला. फक्त तुमचं सुचलं."

उमाबाईनं नव्या खलाचा तळ नखानं खरवडला. नखात पिवळट भुकटी आली. तेल लावलेला काळा रंग वरवरचा होता. आत बाग गावाकडच्या टेकड्यांसारखा रेतीचा दगड. मऊ, म्हणूनच गुळगुळीत. कुणीही दोन दिवसांत घासून लोणी करावा असा. घरचा खल गुळगुळीत होता तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांच्या हातांनी, आणि हा होता दगडातच दम नव्हता म्हणून. बोटाला दोन्ही सारखेच लागले.

"मला नाही लागली," ती हळूच म्हणाली.

"कसं नाही लागली? इतकी..."

उमाबाईनं दाराकडे पाहिलं. विठोबा लांब कडुनिंबाखाली होता. मग तिनं गालात बोट घालून तोंड उघडलं. वरच्या दाढा दोन्हीकडच्या नव्हत्या. खाली एक होती, तीही अर्धी.

"तीन वर्षं झाली. एकेक करून गेल्या. मीठ-तिखट जिभेला कळतं. खडा कळायला दाढ लागते."

कोमल तोंडात बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही भाकरी ताकात कुस्करून खाता."

"तू पाहिलंस?"

"आल्या दिवसापासून. मला वाटलं आवडतं म्हणून खाता. म्हणून तर धुंगार दिला होता त्या दिवशी. रोज तेच साधं ताक, म्हटलं आईंना जरा..." ती थांबली. "आणि त्यातच खल गेला."

उमाबाईनं तोंड मिटलं. पदरानं ओठ पुसून म्हणाली, "ते ताक तुझा सासरा प्यायला सगळं. मला थेंबसुद्धा मिळाला नाही."

कोमलला आधी कळलं नाही की हे हसायचं आहे.

पुढच्या हाटाला दोघी गेल्या. उमाबाईनं जुना बत्ता फडक्यात गुंडाळून बरोबर घेतला. तेल लावलेल्या खलांच्या दुकानावरून जाताना त्या तरण्या माणसानं हात जोडले. उमाबाईनंही जोडले. भांडण करायला खल परत आणावा लागला असता, आणि तो तिनं आधीच कोंबड्यांच्या पाण्याला लावला होता.

मागच्या वेळी हाक मारणारी म्हातारी तशीच बसली होती. जानकीबाई तिचं नाव. मुलगा मागे टाकी घेऊन दगड घडवत होता, ती पुढे विकत होती. दोन्ही तळहात दगडासारखेच झालेले.

"मागच्या हाटाला बी आल्या होत्या तुम्ही," ती तिच्या माळवी वळणाच्या मोडक्या मराठीत म्हणाली. धारच्या बाजारात राहून गिऱ्हाइकाची जेवढी भाषा लागते तेवढी तिला येत होती. "मक्खन घेऊन गेल्या. खाल्लं का मक्खन?"

"खाल्लं," उमाबाई म्हणाली. "सव्वीस जणांना खाऊ घातलं."

जानकीबाई बोळक्या तोंडानं हसली. मग तिनं एक खरबरीत खल पुढे ओढला, कमरेचा रुपया काढून काठावर वाजवला. "भाटो बोले हे, दगड बोलतो. तम सुनो तो सई." टण्ण. आवाज लांबला. दुसरा वाजवला, ठप्प. "याच्या पोटात चीर आहे. दिसायची नाही. पण बोलतो बघा कसा, सर्दी झाल्यागत."

कोमल उकिडवी बसली आणि एकेक खल वाजवू लागली. उमाबाई वाकून ऐकत होती. जानकीबाईनं मग तांब्यातलं पाणी एका खलात ओतलं. "चार बाता होईस्तोवर थांबायचं. पाणी पिणारा खल घ्यायचा नाही, तो तुमची चटणीपण पिणार." चार गोष्टी झाल्या. किती पोरं, सून कुठली, पाऊस कधी. पाणी तेवढंच राहिलं. ओतून टाकल्यावर काठ लगेच सुकला, रेघ कुठे ओली राहिली नाही.

"आणि हे खडबडीत?" उमाबाईनं विचारलं.

"गुळगुळीत तुम्ही करायचा, बाई. आम्ही करून दिला तर तुम्ही काय करणार?"

उमाबाईनं फडकं सोडून जुना बत्ता काढला. जानकीबाईनं तो हातात तोलला, नव्या खलात घालून एकदा फिरवला, कानापाशी नेऊन ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली. "जूनो बत्तो नवा खल ने खई जायगो. हा फार कडक, नव्या खलाला खाईल. जोडी एका दगडाचीच पाहिजे." मग तिनं शेजारचे तीन-चार बत्ते पुढे टाकले, लहान-मोठे. "कूटेगा कुण? ज्याचा हात त्याच्या मापाचा बत्ता."

उमाबाईचा हात पुढे झाला होता. मनगट अजून सुजलेलं होतं. एक बत्ता उचलून तिनं पाहिला, ठेवला. दुसरा उचलला. मग तोही ठेवला.

"ही," ती म्हणाली.

कोमलनं तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस. हात दाखव त्यांना."

जानकीबाईनं कोमलचा पंजा आपल्या पंजात घेतला, दाबून पाहिला, आणि उमाबाईनं उचललेल्यांपेक्षा चांगला जाड, वजनदार बत्ता तिच्या हातात दिला. तो हातात बसला.

परतीच्या बसला गर्दी होती. खल दोघींच्या मांडीवर अर्धा-अर्धा, बत्ते कोमलच्या पिशवीत. कंडक्टर येऊन थांबला. "इसका टिकट?"

"कशाला?" उमाबाई म्हणाली. "पाच वर्षांच्या आतला आहे."

तो पुढे गेला. कोमल खलावर हात ठेवून हसत राहिली. खड्ड्यात बस आदळली की दोघी एकदम खल आवळून धरत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आधी खडेमीठ. मुठीमुठीनं घालून कोमल ते कोरडंच घासत होती. मीठ करडं होऊन निघत होतं. मग भिजवलेले तांदूळ. पहिलं पीठ राखेसारखं. ते कडुनिंबाच्या मुळाशी. दुसरं, तिसरं, तेही तिथेच. उमाबाई शेजारी तांदूळ निवडत बसायची आणि तोंडानं शिकवायची.

"रिकाम्या खलात ठोका नको. दगडानं दगड फुटतो. कडेला घास, कडेला. साबण दाखवायचा नाही त्याला कधी, वास सोडत नाही तो. नुसतं पाणी नि नारळाची शेंडी. वाळवायचा सावलीत, पालथा, खाली काडी लावून, वारा जायला पाहिजे." जरा थांबून म्हणाली, "आणि निखारा..."

"माहीत आहे, आई."

"सांगून ठेवते. तुझ्या सुनेला सांगायला तुला आठवलं पाहिजे."

चौथ्या दिवशी कोमलच्या तळव्याला फोड आले. उमाबाईनं रात्रीच्या भाकरीआधी हळद-तेल लावून दिलं आणि म्हणाली, "फोड फुटले की घट्टे पडतात. मग त्रास नाही." लावताना मात्र तिचा हात फार हलका होता. कोमलच्या दंडात गोळे आले, पाठ धरली. पियूष म्हणाला, "मिक्सर घेऊ की एखादा." दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं आणि तो अंघोळीला गेला.

रोज संध्याकाळी कोमल वाटलेल्या पिठाची चिमूट दाढेखाली घेऊन चावायची. उमाबाई तिच्या जबड्याकडे बघत बसायची.

"आहे," कोमल म्हणायची.

आठव्या संध्याकाळी पीठ दुधासारखं निघालं. उमाबाईनं जिभेवर घेतलं, टाळूवर फिरवलं. तिला वाटलं, झालं. डबे आता सव्वीसाचे सतरावर आले होते. मेसवाल्यानं जनरेटर आणलाय असं विठोबा सांगत आला होता. उद्याचा लसूण सोलून तयार होता.

कोमलनं चावलं. एक बाजू, मग दुसरी.

"अजून आहे, आई."

"पांढरं झालंय बघ किती."

"आहे. एखादाच. पण आहे."

उमाबाईच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. तिनं पिठाकडे पाहिलं, सोललेल्या लसणाकडे पाहिलं. मग उठली, खल दोन्ही हातांनी कलता करून ते दुधासारखं पीठ कडुनिंबाला घालून आली आणि नवे तांदूळ भिजत घातले.

दहाव्या पहाटे चटणी कुटली गेली. खल कोमलच्या दोन पायांच्या मध्ये होता. चार ठोके आणि मग कडेनं घासणं. उमाबाई पोळ्या लाटत होती आणि कानानं ऐकत होती. आवाज जुन्या खलापेक्षा जाड होता, पण तुटत नव्हता. लसणाचं तेल सुटलं. रंग विटकरी झाला. बाहेर विठोबानं लुना सुरू करून ठेवली होती. लांब फाट्याकडून बसचा हॉर्न आला.

कोमलनं बत्ता थांबवला आणि चिमूट उमाबाईपुढे धरली.

उमाबाईनं ती घेतली. जिभेवर ठेवली. मीठ बरोबर. तिखट बरोबर. डोळे मिटले. लुनाचा आवाज, डब्यांची उघडी तोंडं, चुलीतलं लाकूड. मग तिनं डोळे उघडले आणि खलातून दुसरी चिमूट घेऊन सुनेच्या तोंडात घातली.

"चावून सांग."

कोमल चावू लागली. सावकाश, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पियूष दारात टॉवेल घेऊन उभा राहिला. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. विठोबानं आत डोकावून पाहिलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं काही न विचारता परत गेला.

कोमलनं गिळलं. जिभेनं दाढा एकदा पुसून घेतल्या.

"भरा," ती म्हणाली.

उमाबाईनं चमचा उचलला आणि पहिल्या डब्यापासून चटणी वाढायला लागली.